इंद्रभान मास्तरांनी गंगूला पास केलं

भाऊसिंग राठोड नावाचा माणूस शेलूबाजारला एसटीतून उतरला तेव्हा पृथ्वी हलली नाही, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं त्या वेळी इंद्रभान मास्तरांचे पाय पाहिले नव्हते. मास्तर पानठेल्यापाशी सायकलला टेकून उभे होते. एसटीनं उडवलेल्या धुळीतून आधी एक पत्र्याची पेटी बाहेर आली. मग बूट आले, असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. मग कडक इस्त्रीची पँट सुरू झाली आणि ती काही संपेना. मास्तरांची मान वर वर जात टोपी मागं पडली, तेव्हा कुठं ताडाच्या उंचीवर एक चष्मा लागला. चष्मा खाली वाकून म्हणाला, "तोरणखेडच्या शाळेचा रस्ता कोणता?"

पेटी, बूट, चष्मा आणि शाळेची चौकशी. एवढ्या सामग्रीतून एकच प्राणी तयार होतो, तो म्हणजे दिपोटी. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला त्या मुलखात दिपोटी म्हणत, आणि त्याच्या नुसत्या वासानं मास्तर मंडळींच्या घशाखाली घास उतरत नसे. इंद्रभान मास्तरांनी जराही वेळ न घालवता नाल्याच्या काठानं जाणारा, बाभळीच्या काट्यांनी भरलेला, गावाला चांगला वळसा घालणारा रस्ता दाखवला, "असं सरळ जा साहेब" म्हटलं, आणि आपण जवळच्या पांदणीनं सायकल सोडली. ती सायकल जमिनीवरून गेली की जमिनीच्या वरून, याबद्दल पांदणीत म्हशी चारणाऱ्यांमध्ये बरीच वर्षं मतभेद होते.

चष्मा काट्यांतून सुटून गावात पोचला तोवर शाळेनं दुसरा जन्म घेतला होता. हेडमास्तर उकंडराव देशमुखांना बाजेवरून उठवून कोटात भरलं होतं. शेंबडी पोरं विहिरीवर नेऊन धुतली होती आणि धुण्यापलीकडची घरी पाठवली होती. हजेरीपटावर नाव असून वर्षभर कोणाला न दिसलेली पोरं वावरातून धरून आणून पहिल्या रांगेत बसवली होती. भाऊसिंगनं दारात पाऊल टाकताच सगळी शाळा उठून "नमस्ते साहेब" अशी ओरडली की कौलांवरची कबुतरं थेट मंगरूळपीरच्या दिशेनं निघून गेली. तो काही बोलायला तोंड उघडतो न उघडतो, तोच पहिल्या रांगेनं एका दमात भारताची राजधानी सांगून टाकली.

"मी दिपोटी नाही," भाऊसिंग पँटीतले काटे उपसत म्हणाला.

"मागचे साहेब बी पयले असंच म्हणले होते," उकंडराव म्हणाले, आणि त्यांनी चहा सांगितला.

पण तो खरोखर दिपोटी नव्हता. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा बंजाऱ्याचा पोरगा शिकत शिकत नागपूरला डॉक्टर झाला होता, आणि आता तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात आपल्या सरांच्या हाताखाली लहान मुलांच्या मेंदूवर संशोधन करत होता. ऑटिझम असा एक शब्द त्यानं उच्चारला. उकंडरावांनी ते औषध समजून जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, एवढं विचारून घेतलं.

"पोराचा मेंदू वाढतो तसा त्याचा विचार वाट बदलायला शिकतो," भाऊसिंग चिकाटीनं सांगत राहिला. "आज एक रीत चालत होती, उद्या ती बदलली, की तोही बदलतो. काही पोरांना मात्र धरलेली रीत सोडवत नाही. बोलणं कमी, माणसांत मिसळणं कमी, आणि घरातलं सगळं जिथल्या तिथं पाहिजे. मेंदूच्या वाढीत असं कुठं काय वेगळं होतं, ते आम्ही शोधतोय. तुमच्याकडं असं मूल आहे का?"

वर्गातल्या सगळ्यांनी एकदम इंद्रभान मास्तरांकडं पाहिलं, आणि मग भल्या माणसांसारखं एकदम नकाशाकडं पाहिलं.

इंद्रभान खिल्लारे यांना स्वस्थ बसता येत नसे. खुर्चीत बसले तरी त्यांचा एक पाय कुठं तरी निघालेला असे. वडलांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-डवरण केलं. छप्पन साली बापलेक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि येताना बापानं रस्त्यात पोराला एवढंच सांगितलं की आता शिकायचं. इंद्रभान चौथी पास झाले, सातवी पास झाले, ट्रेनिंग पास झाले, आणि प्रत्येक वेळी एकेक दार उघडत गेलं. घरातला पहिला पगार त्यांनी आणला. त्यामुळं जगात जे काही मिळतं ते परीक्षा पास झाल्यावर मिळतं, याबद्दल त्यांच्या मनात शंकेला जागा नव्हती. बाकी सगळ्याच गोष्टींबद्दल मात्र त्यांचं मत आठवड्याला बदलत असे. त्यांनी कोंबड्या पाळल्या, कोंबड्या विकून साबण केला, साबणानं गावाला खाज सुटली तेव्हा होमिओपॅथी शिकायला घेतली. घरातली बाज ते वाऱ्याच्या दिशेप्रमाणं फिरवत. चूल सुद्धा फिरवायला निघाले होते, पण तिथं लिलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आडव्या आल्या.

आणि असल्या माणसाच्या पोटी गंगू जन्माला आली. गंगू तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिचं आणि बापाचं घरात एक अबोल युद्ध चालू होतं. बापानं सकाळी बाज हलवली की ती दुपारपर्यंत ओढत ओढत जुन्या जागी आणी. भाकर तिला सबंध लागे, पापुद्रा वर करून. तुकडा मोडून दिला तर ती ताटासमोरून उठून जाई. विहिरीवर जाताना एका घराच्या भिंतीला हात लावत जायचं, ते घर ओलांडलं की हात काढायचा. लिलाबाईंनी हिरवं लुगडं नेसायचं. एकदा त्यांनी हौसेनं जांभळं नेसलं तर गंगूनं दिवसभर आईला ओळख दिली नाही. माणसांशी ती बोलत नसे, पण रेडिओवरच्या बातम्या जशाच्या तशा, खोकल्यासकट म्हणून दाखवी. शाळेत बसवली तेव्हा पहिल्या दिवशी तिला खिडकीजवळची जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी तिथं दुसरी पोरगी बसली, आणि शाळा सुटेपर्यंत गंगू त्या पोरीच्या डोक्यापाशी उभी राहिली. "मास्तर, पोट्टी घरीच राहू द्या," असं उकंडरावांनी प्रेमानं सांगितलं, आणि ती घरीच राहिली.

भाऊसिंग दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी आला, गंगूजवळ न जाता लांब बसला, आणि ती भांडी एका ओळीत लावते ते बराच वेळ पाहत राहिला. लिलाबाईंनी चहा ठेवला, पदर सारखा केला आणि विचारलं, "डाक्टरसाहेब, माह्याच हातून काही झालं का जी? लोक म्हणतात मी हिले पोटात असताना वावरात जात होती. सासू म्हणे, लेकराले उराशी कमी धरलं."

"पुस्तकांत आईला दोष देणारे पुष्कळ आहेत," भाऊसिंग म्हणाला. "आमचे सर म्हणतात, ते चूक आहे. हा मेंदूच्या वाढीचा प्रश्न आहे बाई. तुमच्या धरण्या न धरण्याचा नाही."

लिलाबाई उठल्या. आत गेल्या आणि त्याचा कप अजून भरलेला असताना दुसरा चहा घेऊन आल्या.

मग भाऊसिंगनं खरी गोष्ट सांगितली. येत्या जूनपासून नागपूरच्या दवाखान्यात अशा मुलांचा एक वर्ग निघणार होता. संशोधनात ज्यांना घेतील त्यांना तिथं शिकवणार, बोलायला लावणार, आईला राहायला खोली देणार. जागा थोड्या होत्या.

"मंग घेता कसं?" मास्तरांचा पाय हलायला लागला होता.

"चाचणीवर ठरतं."

"म्हणजे परीक्षा."

"परीक्षा नाही मास्तर. पत्त्यांचा खेळ आहे. तुम्ही काही तयारी करू नका. गंगू जशी आहे तशी मला दिसू द्या."

हे वाक्य इंद्रभान मास्तरांनी वीस वर्षांत आलेल्या प्रत्येक दिपोटीच्या तोंडून ऐकलं होतं. माझ्यासाठी काही करू नका, असं साहेब म्हणाला की कोंबडी कापायची असते. पोरांना जशी आहेत तशी पाहू द्या, असं म्हणाला की पोरं धुवायची असतात. हे न कळणारा मास्तर नोकरीत टिकत नसतो. मास्तर मोठ्या समजुतीनं हसले आणि म्हणाले, "नाई नाई साहेब, बिलकुल तयारी नाई."

गंगूची चाचणी आठवड्यानं होती. त्याआधी तुलना करायला भाऊसिंगनं शाळेतली साधी पोरं घेतली. शाळेच्या ओसरीवर तो एकेकाला समोर बसवी. पत्त्यांवर चांदण्या, गोल, पानं अशी चित्रं होती, वेगवेगळ्या रंगांची, कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन. पोरानं हातातला पत्ता समोरच्या चार पत्त्यांपैकी कोणत्या तरी एकाखाली ठेवायचा. कसा जुळवायचा ते साहेब सांगत नसे, फक्त "बरोबर" किंवा "चूक" म्हणे. पोरगं रंगानं जुळवत चाललं की बराच वेळ बरोबर बरोबर म्हणायचा, आणि मग मनातल्या मनात नियम बदलून एकदम चूक म्हणायचा. आता चित्राचा आकार पाहायचा, हे पोरानं आपलं आपण ओळखायचं.

"आत्ताच त बरोबर म्हणले," एक पोरगं तावातावानं म्हणालं. "आता काहून चूक? तुमचंच ठरत नाई तर मी काय करू?" पण तिसऱ्या पत्त्याला ते आकारावर आलं, आणि भाऊसिंगनं खुशीत येऊन पेन्सिल चालवली.

त्याच वेळी इंद्रभान मास्तर ओसरीवरच्या खिडकीचं बिजागर दुरुस्त करत होते. ते बिजागर चांगलं होतं. ते त्यांनी दोन दिवस दुरुस्त केलं, आणि तेवढ्यात अख्खा पेपर फुटला. आधी रंग, मग आकार, मग चित्रं किती ती संख्या, मग पुन्हा रंग. किती पत्त्यांनी साहेब नियम बदलतो तेही त्यांनी बोटांवर धरलं.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले. नीळ, हळद, गेरू आणि पालकाचा रस यांनी रंगवले. लिलाबाईंनी पाहिलं आणि ओळखलं.

"थ्या डाक्टरनं काय सांगतलं होतं?"

"सांगाचंच असते थे."

"तिले हाय तशी पाहू द्या म्हणला तो. तुमी तिले दुसरीच करून ठेवसान."

"लिला, तुले समजत नाई. जागा थोड्या हायेत. दुसऱ्या गावचे मायबाप का झोपा काढून राह्यले असतीन?"

आणि मास्तर कामाला लागले. पहिले दिवस भयंकर गेले. गंगूनं रंग धरला तो धरला. मास्तर "चूक" म्हणाले की ती पत्ता उचलून त्याच जागी आणखी दाबून ठेवी, जणू आधी नीट बसला नव्हता. मास्तर घरात फेऱ्या मारत, बाहेर जाऊन परत येत, हातवारे करत. गंगू पत्ते ओळीत लावून कडा जुळवत बसे. हेडमास्तरांनी दोनदा निरोप धाडला की तुमच्या वर्गाची पोरं कबड्डी खेळून राह्यली. मास्तरांनी खेळू दिली. जेवताना त्यांचा घास हातात राही आणि दुसऱ्या हातानं ते हवेत पत्ते लावत. झोपेतही त्यांचा पाय चालू असे.

मग त्यांना एकाएकी उलगडलं. गंगूला बदल नको होता, पण क्रम तर हवाच होता. भांडी, भिंत, भाकर, सगळा क्रमच. मग बदललेला नियमसुद्धा क्रमातच घालून दिला तर? त्यांनी "चूक" म्हणणं सोडूनच दिलं. पाढ्यासारखा ठेका धरला आणि सगळा खेळ पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत एकाच वाटेनं, कुठंही न थांबता, पुन्हा पुन्हा घेतला. गंगूनं मान तिरपी करून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिचा हात ठेक्यावर चालू लागला. रंग संपला की आकार, आकार संपला की संख्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरच एके ठिकाणी चुकले, तर गंगूनं त्यांचं मनगट धरून पत्ता योग्य जागी ठेववला.

"आता कोन कोनाले शिकवून राह्यलं?" लिलाबाई चुलीपाशी म्हणाल्या. पण त्याही पाहत होत्या. लेकीनं आपण होऊन कोणाचा हात धरला, हे त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. बसले म्हणजे बसायचा प्रयत्न केला. भाऊसिंगनं मास्तरांच्या घरातच सतरंजीवर चार पत्ते मांडले आणि गठ्ठा गंगूसमोर ठेवला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पत्ता उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला.

"बरोबर," भाऊसिंग म्हणाला. "बरोबर."

मास्तरांच्या चेहऱ्यावर दिवाळीतलं अंगण उजळलं. रंग संपत आला तसे ते पुढं सरकले, आणि गंगूनं शांतपणे पुढचा पत्ता आकारावर ठेवला. भाऊसिंगची पेन्सिल थांबली. त्यानं चष्मा काढून पुसला. गंगू आकारावरून संख्येवर गेली, संख्येवरून रंगावर आली, आणि गठ्ठा संपला तेव्हा पत्त्यांच्या कडा जुळवून बसली. एकदाही चूक नाही.

"पास ना साहेब?" मास्तर उठून उभे राहिले होते.

"मास्तर," भाऊसिंग हळू म्हणाला, "नियम बदलला हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मी चूक म्हटल्याशिवाय ते कोणालाच कळत नाही. आमच्या सरांनी हा खेळ खेळला तरी नियम बदलला की त्यांची एक चूक व्हायलाच पाहिजे. हिला आधीच कसं कळलं?"

मास्तरांना वाटलं ही स्तुतीच आहे. "हुशार हाय पोट्टी. आमाले वाटेच."

भाऊसिंगनं पत्ते पिसले आणि पुन्हा मांडले. या वेळी त्यानं सुरुवातीलाच आकार धरला. गंगूनं रंग लावला. "चूक." गंगूनं रंग लावला. "चूक." तिनं मान वर केली नाही. रंग संपला की आकारावर गेली, आणि भाऊसिंग बरोबर म्हणाला काय, चूक म्हणाला काय, तिच्या दृष्टीनं ओसरीवर कुठं तरी कबुतर घुमत होतं. ती बापानं घालून दिलेल्या वाटेनं शेवटपर्यंत गेली आणि कडा जुळवून बसली.

"तुमी शिकवलं," भाऊसिंग म्हणाला. त्याची पुस्तकी भाषा आता गावाकडच्या वाटेला लागली होती. "काहून शिकवलं मास्तर?"

"नापास झाली असती तर?" मास्तर म्हणाले.

"नापासच व्हायला पाहिजे होती. मले तेच लेकरू पाहिजे होतं, ज्याले वाट सोडता येत नाई. त्याच्याचसाठी थो वर्ग हाय."

मास्तरांचा हलणारा पाय थांबला होता. लिलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला काही ऐकवलं नाही, आणि मास्तरांना त्या वेळी शिव्या चालल्या असत्या.

"मंग आताही तेच दिसते ना साहेब," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "तुमी चूक चूक म्हणून राह्यले, तरी तिनं सोडलं का? नाई सोडलं. म्हणजे तुमाले पाह्यजे तशीच हाय ती. लिहा तसं."

भाऊसिंगनं गंगूच्या हातांकडं पाहिलं. "मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला. "पण तिनं जे केलं ते तिच्या मेंदूचं आहे की तुमच्या शिकवणीचं, हे मला आता सांगता येणार नाही. उद्याही येणार नाही. हा खेळ तिच्यापुरता संपला, आणि माझ्या पेटीत दुसरा खेळ नाही. सरांना विचारून पाहतो."

त्यानंतरचे दिवस मास्तरांनी पत्ते विसरवण्यात घातले. त्यांनी ते लपवले तर गंगूनं शोधून काढले. चुलीत घातले तर तिनं पळसाच्या पानांचे तुकडे करून तोच क्रम चालू ठेवला. मास्तर उलटा ठेका म्हणून पाहत, मध्येच गाणं म्हणत, पानं विस्कटत. ती विस्कटलेली पानं गोळा करून पहिल्यापासून सुरू करी. कोणतीही गोष्ट आठवड्याहून जास्त न टिकवणाऱ्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट पक्की केली होती, आणि ती निघत नव्हती.

रोज संध्याकाळी शाळा सुटली की ते सायकल काढून शेलूबाजारला जात आणि नागपूरकडून येणारी गाडी पाहत. पानठेलेवाल्याला म्हणत, पान खायला आलो. पान हातात घेऊन उभे राहत, गाडी गेली की ते तसंच खिशात घालून परत येत. त्यांच्या सदऱ्यांचे खिसे लाल झाले. लिलाबाई ते धूत आणि विचारत नसत.

उन्हं तापू लागली तेव्हा एका संध्याकाळी भाऊसिंग गाडीतून उतरला. या वेळी त्याच्याजवळ पेटी नव्हती. मास्तरांनी पुढं होऊन त्याचा हात धरला.

"सर नाही म्हणाले," भाऊसिंग म्हणाला. "शिकवलेलं मूल घेता येत नाही. त्यांना मी दोनदा सांगितलं."

"माही चूक हाय ना? मंग मले नका घेऊ. तिनं काय केलं?"

"तिनं काही नाही केलं."

"मी सरांले भेटतो. पायी येतो नागपूरले म्हणान तर."

"सर भले माणूस आहेत मास्तर. भेटतील, चहाही पाजतील. पण तिला घेतलं तर बाकी सगळ्या पोरांचे निकाल संशयाखाली येतात. मग वर्गच राहणार नाही." मग म्हणाला, "लिलाबाईंना मी स्वतः येऊन सांगू का?"

"नको. मी सांगतो," मास्तर म्हणाले. पण ते सायकलवर बसले नाहीत. भाऊसिंगला त्यांनी पान खायला लावलं, त्याच्या तांड्याची, आईबापाची चौकशी केली, परतीची गाडी येईपर्यंत त्याच्याबरोबर उभे राहिले, आणि गाडी गेल्यावर सायकल हातात धरून पांदणीनं चालत घरी गेले.

जूनमध्ये नागपूरचा वर्ग सुरू झाला. त्यात शिरपूरकडचा एक मुलगा आणि रिसोडची एक मुलगी गेली. गंगू गेली नाही.